अधिक कुठे, उणे कुठे: एका निळ्या फिल्मचे चौदा महिने

मागच्या आठवड्यात माझ्या गाईड मॅडमनी माझ्या प्रबंधाचं मोजमापाचं प्रकरण वाचून 'हं, आता चालेल' म्हणत परत दिलं. विषय सांगायला एका ओळीचा आहे: कॉपर थॅलोसायनिन या निळ्या सेंद्रिय अर्धवाहकाच्या पातळ फिल्ममधून वीज कशी वाहते आणि फिल्मला लावलेल्या धातूंचा त्यात किती हात असतो. ते व्हायला चौदा महिने लागले, आणि त्यातले चारेक महिने एका चुकीपायी गेले. मी सुरुवात केली तेव्हा कुणीतरी आपल्या चुकांसकट हे लिहिलेलं मिळावं म्हणून खूप शोधलं होतं. पेपरांमध्ये शेवटचा गुळगुळीत आलेख तेवढा असतो. त्यामागे किती सॅम्पल कचऱ्यात गेले ते कुणी छापत नाही. म्हणून हे लिहितेय.

जानेवारीत विषय ठरला आणि पहिले पाच आठवडे नुसते कागदांत गेले. पावडरच्या खरेदीचा अर्ज, त्याला जोडायचं सुरक्षापत्रक, द्रव नायट्रोजन हाताळण्याचं प्रशिक्षण आणि त्याची छोटी परीक्षा, सामायिक उपकरणांसाठी वेगळं खातं. त्या खात्यावर मॅडमची सही हवी, आणि ज्यांच्याकडे फॉर्म द्यायचा ते आठवड्यातून दोनच दिवस तो घेणार. माझा खरेदीचा अर्ज एकदा परत आला, कारण शुद्धतेच्या रकान्यात मी आकडा न लिहिता 'जास्तीत जास्त' असं लिहिलं होतं. हसू नका. आपल्याला किती शुद्ध पावडर लागणार, हे मला तेव्हा खरंच माहीत नव्हतं.

सोन्याची तार मात्र कुलपात. लॅबमधल्या काकांकडे एक रजिस्टर असतं. त्यात किती मिलिग्रॅम नेलं, किती वापरलं, किती परत आणलं हे सगळं वजन करून लिहायचं. सोन्याच्या एका थराला माझ्या चेंबरमध्ये (निर्वातात वाफ करून थर बसवायच्या पेटीत) साधारण ६० मिलिग्रॅम लागायचे, आणि त्यातला अगदी थोडा भाग सॅम्पलवर बसायचा. बाकीचं सोनं भिंतींवर.

पावडर आली तेव्हा वाटलं, आता लगेच फिल्म. पण बाटलीतून आलेली पावडर तशीच वापरू नका, असं सिनिअरने बजावलं होतं. या पदार्थाची एक सोय आहे: तापवला की न वितळता त्याची थेट वाफ होते. त्यामुळे एका लांब काचनळीत, निर्वातात, एका टोकाला गरम आणि दुसऱ्या टोकाला गार ठेवून तो शुद्ध करता येतो. जड कचरा मागे राहतो, हलका पुढे उडून जातो, आणि मधल्या पट्ट्यात जांभळट चकाकीचे सुयांसारखे स्फटिक बसतात. मी हे दोनदा केलं. दोन्ही वेळा मिळून चार दिवस गेले, आणि निम्म्याहून थोडी जास्त पावडर हाती उरली. सगळ्या कामात मन लावून बघत बसावं असं एवढंच होतं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पहिली फिल्म. काच साबणाच्या पाण्यात, मग डीआयोनाइज्ड पाण्यात, मग अ‍ॅसिटोन आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये अल्ट्रासॉनिक बाथला. त्यावर मास्कमधून सोन्याच्या पट्ट्या, त्यावर निळी फिल्म, वर अ‍ॅल्युमिनियमचे १ मिलिमीटर व्यासाचे ठिपके. चेंबरचा दाब १० च्या उणे ६ व्या घातापर्यंत, टॉरमध्ये, यायला तीन-साडेतीन तास लागायचे. पहिल्या दिवशी घाई झाली. करंट भराभर वाढवला, पावडरमध्ये अडकलेला वायू एकदम सुटला आणि बोटीतली (पावडर तापवायच्या छोट्या भांड्यातली) पावडर फुटाण्यांसारखी उडाली. फिल्मवर काळे ठिपके, खिडकीच्या काचेवर निळा धूर, आणि चेंबर साफ करण्यात पुढचा अख्खा दिवस. त्यानंतर मी शटर (बोट आणि सॅम्पल यांच्या मधला पडदा) बंद ठेवून बोट अर्धा तास मंद तापवायला लागले. दाब आधी वाढतो, मग परत खाली बसतो. तो बसला की शटर उघडायचं. सेकंदाला ०.१ नॅनोमीटर या वेगाने २०० नॅनोमीटरच्या फिल्मला तेहेतीस-चौतीस मिनिटं लागतात. बुकिंग करताना लागोपाठचे दोन स्लॉट घ्या. एका स्लॉटमध्ये पंपिंग, डिपॉझिशन आणि थंड होणं बसत नाही, आणि दाराशी पुढचा माणूस उभा असला की चेंबर गरम असतानाच हवा सोडायचा मोह होतो.

अ‍ॅल्युमिनियमची वेगळी कटकट. वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम टंगस्टनच्या फिलामेंटलाच खाऊन टाकतं. तीन-चार वेळा वापरलेलं फिलामेंट ऐन वेळी तुटतं, म्हणून ते दर दोन वेळांनी बदलायचं.

जाडीचीही गंमत झाली. क्वार्ट्झचा मॉनिटर वस्तुमान मोजतो आणि आपण भरलेल्या घनतेवरून जाडी सांगतो. शिवाय तो स्फटिक सॅम्पलच्या जागी नसतो, बाजूला असतो. मॉनिटर २०० म्हणत होता. प्रोफाइलोमीटरवर, म्हणजे फिल्मची उंची थेट मोजणाऱ्या यंत्रावर, नेलं तर २६०. साठाचा फरक ऐकायला फार वाटत नाही. पण पुढच्या सूत्रात जाडीचा घन येतो, आणि १.३ चा घन २.२. म्हणजे मोबिलिटी, चार्ज फिल्ममधून किती सहज सरकतो त्याचं माप, दुपटीहून जास्त चुकली असती. पहिल्या दोन फिल्मनंतर लगेच प्रोफाइलोमीटरवर जा आणि मॉनिटरमधला दुरुस्तीचा गुणांक ठरवून टाका. मी सहाव्या फिल्मनंतर गेले.

एप्रिलमध्ये मोजायला बसले. पहिल्याच दिवशी आलेख बंद फाशासारखा आला: व्होल्टेज वाढवताना एक वाट, उतरवताना दुसरी. मी खूश झाले, काहीतरी मेमरीसारखं सापडलं म्हणून. सिनिअरने कागदावर चार ओळींचा हिशेब मांडला. २०० नॅनोमीटर जाडी, १ मिलिमीटरचा ठिपका, डायइलेक्ट्रिक स्थिरांक ३.६ धरला तर आपला सॅम्पल म्हणजे ०.१२ नॅनोफॅरडचा कपॅसिटर. सेकंदाला ०.१ व्होल्ट या वेगाने व्होल्टेज बदललं तर नुसता कपॅसिटर भरायलाच १२ पिकोअँपिअर लागतात. माझा करंट कमी व्होल्टेजला त्याच पट्ट्यात होता. दर पायरीला तीस सेकंद थांबून वाचायला लागले, आणि फास जवळजवळ मिटला. उरलेला थोडा फास खरा होता, ट्रॅपमध्ये, म्हणजे फिल्ममधल्या चार्ज धरून ठेवणाऱ्या जागांमध्ये, अडकलेल्या चार्जचा.

दुसरं लफडं उजेडाचं. मे महिन्यात एक संबंध दिवस माझे आकडे दर वीसेक मिनिटांनी वर-खाली होत होते. केबल बदलल्या, अर्थिंग तपासलं, इलेक्ट्रोमीटर तासभर तापू दिला. शेवटी कळलं की शेजारी कुणीतरी मायक्रोस्कोपचा दिवा लावत-विझवत होतं. १९८६ साली टँग यांनी दोन थरांचा सेंद्रिय सोलर सेल केला, त्यातला एक थर हाच पदार्थ होता. उजेड पडला की करंट देणारी फिल्म घेऊन मी उजेडात बसले होते. मग पत्र्याचा डबा, त्यावर काळं कापड. डब्यात सॅम्पल ठेवल्यावर लगेच मोजू नका. माझ्या सॅम्पलचा करंट खाली बसायला तासभर तरी लागायचा.

आता मुख्य चुकीकडे येते.

मेच्या शेवटी माझ्याकडे एक देखणा आलेख होता. दोन्ही अक्षांवर लॉगॅरिदम, आणि ३ ते ८ व्होल्टमध्ये सरळ रेष, स्लोप २.०. पुस्तकांत हेच लिहिलेलं असतं: कमी व्होल्टेजला ओहमचा नियम, म्हणजे स्लोप १. पुढे बाहेरून आत शिरलेले चार्ज फिल्ममधल्या मूळच्या चार्जपेक्षा जास्त होतात, त्यांचीच गर्दी करंटला अडवते, आणि करंट व्होल्टेजच्या वर्गाने वाढतो. मॉट आणि गर्नी यांनी १९४० मध्ये मांडलेला नियम तो हाच. करंट घनता व्होल्टेजच्या वर्गाच्या सम प्रमाणात, जाडीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात, आणि मधल्या स्थिरांकात मोबिलिटी. मी मोबिलिटी काढली, तीन दशांश स्थळांपर्यंत, आणि जूनमध्ये ग्रुपच्या बैठकीत स्लाइडवर टाकली.

मॅडमनी दोनच प्रश्न विचारले. 'जाडी बदलून बघितलीस का?' आणि 'यात अधिक कुठल्या बाजूला आहे?'

पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं उत्तर मला माहीतच नव्हतं. वहीत प्रत्येक पानावर नुसतं '+५ व्होल्ट' लिहिलं होतं. ते अधिक सोन्याला की अ‍ॅल्युमिनियमला, याची नोंद नव्हती, आणि मध्ये दोनदा केबल काढून परत लावल्या होत्या. बैठकीनंतर मी जिन्यात बराच वेळ बसून होते. रडले नाही, पण एप्रिलपासूनच्या सगळ्या फायली डोळ्यांपुढून गेल्या.

हा प्रश्न का महत्त्वाचा, ते जरा सविस्तर सांगते, कारण इथेच बहुतेक जण घसरतात. कॉपर थॅलोसायनिनमध्ये करंट वाहून नेतात ते होल, म्हणजे अधिक भारासारख्या वागणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा. त्यांची पातळी ५ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या जवळ. सोन्याचं वर्क फंक्शन (धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा) ५.१ च्या आसपास, अ‍ॅल्युमिनियमचं ४.३ च्या. सोन्यातून होल आत शिरताना फारसा अडथळा नसतो. अ‍ॅल्युमिनियमकडून शिरताना उंच उंबरठा असतो. म्हणजे एकाच सॅम्पलमध्ये अधिक सोन्याला लावलं तर फिल्म बोलते, आणि अ‍ॅल्युमिनियमला लावलं तर उंबरठा बोलतो. (होलची पातळी आणि धातूचं वर्क फंक्शन या दोन आकड्यांची नुसती वजाबाकी करून उंबरठ्याची उंची लिहू नका. हवा लागलेल्या सोन्याचं वर्क फंक्शन स्वच्छ सोन्यापेक्षा बरंच कमी असतं, आणि रेणू धातूला टेकले की सीमेवर स्वतःचा द्विध्रुव, अधिक-उणे भारांची जोडी, तयार होतो. मी वजाबाकी केली होती. ते पान आता प्रकरणात नाही.)

जून ते सप्टेंबर मी १००, २०० आणि ४०० नॅनोमीटरच्या फिल्म केल्या. तीन जाड्या, प्रत्येकीचे दोन सॅम्पल, प्रत्येक सॅम्पलवर बारा ठिपके. मध्ये डिफ्यूजन पंपाचं तेल बदलायला यंत्र सोळा दिवस बंद होतं. त्या दिवसांत मी जुन्या वह्या पुन्हा लावल्या आणि प्रत्येक फायलीच्या नावात धातू, जाडी, ठिपक्याचा क्रमांक आणि अधिक कुठे हे घालायची पद्धत ठरवली. नवीन सुरुवात करणाऱ्याला माझी एकच विनंती असेल: पहिल्या मोजमापाआधी हे करा.

सप्टेंबरच्या एका संध्याकाळी तिन्ही जाड्यांचे आलेख एकत्र टाकले. मॉट-गर्नी खरा असता तर त्याच व्होल्टेजला १०० वरून ४०० नॅनोमीटरवर जाताना करंट ६४ पट घटायला हवा होता. तसं काही नव्हतं. मग आडव्या अक्षावर व्होल्टेजऐवजी विद्युतक्षेत्र घेतलं, म्हणजे व्होल्टेज भागिले जाडी. तिन्ही रेषा एकीवर एक बसल्या. इतक्या नेमक्या की आधी वाटलं, एकच फाइल तीनदा उघडली. करंट नुसत्या क्षेत्रावर अवलंबून आणि जाडीशी त्याचं देणंघेणं नाही, म्हणजे फिल्मच्या पोटातली गर्दी त्याला अडवत नव्हती. दारातच अडत होता तो. माझी जूनची मोबिलिटी ही मोबिलिटीच नव्हती.

मग स्लोप २ कसा आला? हे कळलं तेव्हा राग आणि मजा दोन्ही वाटलं. उंबरठ्यावरून उष्णतेच्या बळावर उडी मारून होणाऱ्या वहनात, म्हणजे शॉटकीच्या प्रकारात, करंटचा लॉगॅरिदम क्षेत्राच्या वर्गमुळाबरोबर सरळ वाढतो. हाच करंट लॉग-लॉग कागदावर काढला तर स्लोप जागोजागी बदलतो. २०० नॅनोमीटरची फिल्म आणि खोलीचं तापमान धरून हिशेब केला: ३ व्होल्टला स्लोप १.५, ५ व्होल्टला १.९, ८ व्होल्टला २.४. मधून पट्टी ठेवली की २! लॉग अक्षावर दहा पटींच्या निम्म्या अंतरात कुठलीही गुळगुळीत वक्ररेषा सरळ दिसते, आणि मी नेमकं तेवढंच अंतर निवडलं होतं.

शॉटकीचा भाऊबंद म्हणजे पूल-फ्रेंकेल. फ्रेंकेल यांनी तो १९३८ मध्ये मांडला. तिथेही वर्गमूळच, पण चार्ज फिल्मच्या आतल्या ट्रॅपमधून सुटतो. आलेखाचा आकार सारखाच दिसतो, मग ओळखायचं कसं? चढाच्या गुणांकावरून. पूल-फ्रेंकेलचा गुणांक शॉटकीच्या बरोबर दुप्पट असतो. डायइलेक्ट्रिक स्थिरांक ३.६ धरला की एकाच एककात, दहाचे घात सोडून, शॉटकीला २ आणि पूल-फ्रेंकेलला ४ यायला हवेत. माझा २.२ आला. अ‍ॅल्युमिनियमवर नेहमीच ऑक्साइडचा पातळ पापुद्रा असतो, त्यामुळे हे चित्रही धुतल्या तांदळासारखं नाही, हे मी प्रकरणात लिहिलंय. पण दुपटीचा फरक दिसण्याइतकं ते स्वच्छ होतं.

मग फिल्मचा स्वतःचा आवाज ऐकायचा तर दोन्ही बाजूंना सोनं हवं. ऑक्टोबर-नोव्हेंबर त्यात गेले, आणि सगळ्यात जास्त सॅम्पल तेव्हाच वाया गेले. वर टाकलेलं सोनं मऊ फिल्ममध्ये घुसतं. पहिल्या सॅम्पलच्या बारापैकी नऊ ठिपके शॉर्ट. सोन्याचा वेग अगदी कमी केला, बोट आणि सॅम्पलमधलं अंतर वाढवलं, १०० नॅनोमीटरचा नाद सोडला, तेव्हा बारातले आठ-नऊ धडधाकट निघायला लागले. अंतर वाढलं की सोनं जास्त लागतं. काका दर वेळी काट्याकडे बघत मान हलवायचे. टंगस्टनची टोकदार सुई थेट ठिपक्यावर टेकवू नका, ती फिल्म भोकसते. बारीक सोन्याच्या तारेची वेटोळी हलकेच टेकवली तर काम होतं. चांदीची पेस्ट वापरून बघितली. तिचा द्रावक ठिपक्याच्या कडेने आत गेला आणि दोन सॅम्पल गेले.

आता स्लोप २०० नॅनोमीटरला ०.८ व्होल्टपर्यंत १, आणि पुढे २.६. २ नाहीच. ट्रॅप वेगवेगळ्या खोलीवर घातांकी पद्धतीने पसरलेले असतील तर असं होतं, आणि मग जाडीचा घातही ३ राहत नाही. स्लोप २.६ असेल तर तो ४.२ होतो. म्हणजे ६ व्होल्टला जाडी दुप्पट केली की करंट सुमारे १८ पट घटायला हवा. माझ्या वेगवेगळ्या ठिपक्यांवर १५ ते २१ पट घटला. शिवाय स्लोप बदलतो ते व्होल्टेज जाडीच्या वर्गाने सरकायला हवं: ०.८ चं ३.२. मला ३ च्या जरा वर मिळालं. त्या रात्री मी मॅडमना मेसेज केला. उत्तर आलं, 'दोन्ही दिशांना बघितलं का?' बघितलं होतं. खालच्या आणि वरच्या सोन्यातून मिळणारा करंट दुपटीने वेगळा होता, कारण खालच्या सोन्याला हवा लागलेली आणि वरचं थेट फिल्मवर पडलेलं. एकाच धातूचे दोन संपर्कसुद्धा सारखे नसतात.

डिसेंबर-जानेवारी तापमानाचं मोजमाप. निर्वातात, ३०० ते ३८० केल्विन, दर दहा अंशांनी वीस मिनिटं थांबून. पहिल्यांदा तापवताना आणि गार करताना रेषा जुळल्याच नाहीत. फिल्मने हवेतला ऑक्सिजन शोषलेला असतो, त्याने होल वाढतात. तापवल्यावर तो निघून जातो आणि ओहमच्या भागातला करंट माझ्या सॅम्पलमध्ये जवळजवळ दहा पटींनी पडला. पहिली फेरी टाकून द्या. दुसरी आणि तिसरी जुळली तरच वापरा. करंटचा नैसर्गिक लॉगॅरिदम १००० भागिले तापमान याच्यासमोर मांडला. चढ उणे ४.५. त्याला ०.०८६२ ने गुणलं की ०.३९ इलेक्ट्रॉनव्होल्ट. दोनशे अंश सेल्सिअसच्या पुढे गेलात तर फिल्म अल्फा रूपातून बीटा रूपाकडे जायला लागते आणि तुम्ही दुसराच पदार्थ मोजता, म्हणून मी बरंच अलीकडे थांबले. थर्मोकपल तांब्याच्या ठोकळ्यावर न चिकटवता शेजारच्या तशाच काचेवर चिकटवा. काचेचं तापमान ठोकळ्याच्या मागे रेंगाळतं.

एकूण एकेचाळीस सॅम्पल केले. प्रकरणात अकरा आहेत.

फेब्रुवारीच्या शेवटी खाती बंद करायला गेले. उपकरणांच्या फॉर्मवर तीन सह्या, रसायनाच्या उरलेल्या बाटलीवर नवीन लेबल, द्रव नायट्रोजनचं कार्ड परत. सोन्याचं रजिस्टर शेवटी ठेवलं होतं. नेलं ९८० मिलिग्रॅम, परत १४०. काकांनी सही करायला पेन उचललं आणि थांबले. 'भिंतींवरचं खरवडून घेतलंस का?' घेतलं नव्हतं. अ‍ॅप्रन पुन्हा घातला, आणि पुढचा दिवसभर निळ्या भुकटीतून सोन्याचे पापुद्रे वेचत बसले.